एकदा शिक्षा झालेला माणूस परत तेच करतो का, आणि हे मोजतात कसं

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बलात्काराची किंवा बायकोला मारल्याची एखादी बातमी आली ना की दोन मेसेज ठरलेले. पहिला, कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, असले लोक सुधारत नाहीत, ऐंशी टक्के परत तेच करतात. दुसरा सहसा बायकोला मारणाऱ्याबद्दल असतो, जाऊ द्या हो, एक रात्र आत बसलाय ना, आता आला ताळ्यावर, उगाच संसार कशाला मोडायचा. म्हणजे लांबच्या कुणी केलं तर तो मरेपर्यंत सुधारणार नाही आणि आपल्या वाडीतल्याने केलं तर एका रात्रीत सुधारला. गंमत म्हणजे दोन्ही बाजू खात्रीने सांगतात आणि मोजलेलं कुणीच नसतं.

मी तालुक्याच्या कोर्टात पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून, म्हणजे लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारी स्वयंसेविका म्हणून जाते, त्यामुळे हा प्रश्न सतत समोर येतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

आधी त्या ऐंशी टक्क्यांचं बघू, कारण ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रावरच्या एका लोकप्रिय मासिकात लेख आला. लिहिणारे स्वतः तुरुंगातल्या लैंगिक गुन्हेगारांसाठी उपचाराचा कार्यक्रम चालवायचे, त्यांनी लिहून टाकलं की उपचार न घेता सुटलेल्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत लोक परत गुन्हा करतात. कुठे बघितले, किती जण बघितले, किती वर्षं बघितले, काहीच नाही. पुढे ते वाक्य तिथल्या सरकारी मॅन्युअलमध्ये गेलं, मॅन्युअलमधून २००२ मध्ये थेट तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात, आणि सुप्रीम कोर्टाने म्हटलंय म्हटल्यावर खालची कोर्टंही तेच उचलायला लागली. २०१५ मध्ये दोन अभ्यासकांनी उलटा माग काढत काढत मूळ गाठलं तेव्हा कळलं की खाली पायाच नाहीये. तोच आकडा आपल्या ग्रुपवर फिरतोय.

मग खरोखर मोजलं त्यांना काय मिळालं? कॅनडात २००४ मध्ये ४,७२४ लैंगिक गुन्हेगारांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. परत लैंगिक गुन्ह्यातच सापडलेले पाच वर्षांत १४ टक्के, दहा वर्षांत २० टक्के, पंधरा वर्षांत २४ टक्के. अमेरिकेत २००५ मध्ये तीस राज्यांतल्या तुरुंगांतून सुटलेल्या लोकांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं, लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेल्यांपैकी ७.७ टक्क्यांना परत बलात्कार किंवा लैंगिक हल्ल्यासाठी अटक झाली. आता हे वाचून कुणी म्हणेल अरे वा, म्हणजे घाबरायचं कारण नाही. थांबा. इतर गुन्ह्यांत शिक्षा भोगून सुटलेल्यांमध्ये हाच आकडा २.३ टक्के होता, म्हणजे हे तिपटीहून जास्त. आणि कोणताही गुन्हा धरला तर ६७ टक्के जणांना परत अटक झाली होती. एकच अभ्यास, आणि त्यातून "फक्त ७.७", "तिप्पट" आणि "६७" अशा तीन हेडलाइन निघतात, तिन्ही खऱ्या. त्यामुळे कुणी टक्का फेकला की मी आधी विचारते की बाबा, कशाचा टक्का?

आणि या सगळ्यात एक शब्द आहे तो डोळ्यांवरून निसटतो. "सापडलेले". परत केलं असं नाही, परत सापडले.

हे कळण्यासाठी एक उदाहरण घेऊ, पूर्ण माझ्या मनातलं. दापोलीजवळच्या हर्णै बंदराचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, आहे समजा. (कोळीवाड्याने रागावू नये, हायस्कूलचा मास्तर घेतला असता तरी हिशोब हाच आला असता, बोट घेतली कारण बोटीमुळे एक मुद्दा सोपा होतो.) बायकोला मारायचा, केस झाली, साक्षीदार फुटले नाहीत, बायकोवर माहेरचा-सासरचा दबाव आला तरी ती मागे हटली नाही, आणि चक्क शिक्षा लागली, एक वर्ष. हे "चक्क" मुद्दाम लिहिलंय. बायकोच्या छळाबद्दलच्या ४९८ अ मध्ये, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जे भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालंय त्यात, शिक्षेपर्यंत पोचणं फार कमी वेळा होतं. कित्येक केसेस मधेच समझोता होऊन हायकोर्टातून रद्द करून घेतल्या जातात. बलात्काराच्या खटल्यांतसुद्धा देशभरात शिक्षा होण्याचं प्रमाण २०२२ मध्ये २७-२८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे "शिक्षा झालेल्यांपैकी किती जण परत करतात" हे विचारताना मुळात मारणाऱ्या सगळ्यांमधला एक छोटासा कोपराच आपण बघत असतो.

तर तांडेल सुटून घरी आला. पहिले काही महिने शांत. सगळे म्हणाले सुधारला. पण त्यातला निम्मा वेळ तो बोटीवर होता, एकेक फेरी आठवडाभराची, समुद्रात असताना घरी कोण मार खाणार? अभ्यास करणारे लोक हा वेळ हिशोबातून वजा करतात किंवा करायला हवा, माणूस तुरुंगात, दवाखान्यात, लांब कामावर असेल तेवढे दिवस "काही केलं नाही" म्हणून त्याच्या खात्यात जमा करायचे नाहीत. मग १ जूनला मासेमारी बंदी लागली, ३१ जुलैपर्यंत बोट वर ओढलेली, माणूस चोवीस तास घरात आणि पैसा बंद. खरी परीक्षा इथे सुरू होते, आणि एका वर्षाचा आकडा काढणाऱ्याने हे दोन महिने धरले की नाही यावर उत्तर बदलतं.

जुलैत त्याने थोबाडीत मारली. बायको पोलिसांत गेली, साधी मारहाण म्हणून एनसी लिहिली गेली. अदखलपात्र. अटक नाही, केस नाही, एक नंबर आणि एक कागद. पुढच्या वेळी गावातच बैठक बसली. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून आपल्याकडे आहे, बांधाची भांडणं, पाण्याची भांडणं तिने मिटवली हे मान्यच, पण नवरा-बायकोची मारहाणही त्याच सतरंजीवर मिटवायची सवय लागली आणि मिटलं म्हणजे कागदावर गावाचं चांगलंच दिसतं. तांडेलाने सगळ्यांसमोर माफी मागितली, विषय संपला. मग तो मुंबईला गेला, भाऊच्या धक्क्यावरच्या बोटीवर लागला, तिथे दुसरी बाई, तिलाही मारलं, तिसऱ्या वर्षी तिने गुन्हा नोंदवला, आणि ती केस अजून तारखांवर आहे.

आता सांगा, तांडेलाने परत केलं का?

नवीन शिक्षा मोजली तर, नाही. आदर्श कैदी. दोन वर्षांत नवा एफआयआर, तरी नाही. पाच वर्षांत नवा एफआयआर, हो, एक. पण तोही मुंबईचं पोलीस स्टेशन आणि दापोलीचं पोलीस स्टेशन एकमेकांचं रेकॉर्ड बघत असतील तरच. एनसी धरल्या तर पहिल्याच वर्षात हो. आणि बायकोला विचारलं तर ती म्हणेल की अहो सुटून आल्याच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरुवात झाली, मी सांगितलं नाही इतकंच. माणूस तोच, नोंदी त्याच, आणि उत्तर "कधीच नाही" पासून "लगेच" पर्यंत काहीही निघतं. इंग्लंडमध्ये सरकारी आकडा काढताना सुटल्यापासून एक वर्ष बघतात, त्या वर्षातल्या गुन्ह्याचा कोर्टात निकाल लागायला वर सहा महिने देतात. तिथे कदाचित चालत असेल. आपल्याकडे तारखा पडतात त्या वेगाने दीड वर्षात आकडा काढला तर जवळपास सगळेच सुधारलेले निघतील.

रेकॉर्ड आणि बाईचं तोंडी सांगणं यात किती फरक पडतो हेही लोकांनी मोजलंय. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात १९८१-८२ मध्ये एक प्रयोग झाला, घरगुती मारहाणीची तक्रार आली की पोलिसांनी काय करायचं ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं, कुणाला अटक, कुणाला फक्त समज, कुणाला काही तास घराबाहेर काढायचं. मग सहा महिने बघितलं. पोलिसांच्या वहीप्रमाणे अटक झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी परत मारलं, समज दिलेल्यांपैकी १९ टक्क्यांनी. पण त्याच बायकांना विचारलं तेव्हा १९ आणि ३७. जवळपास दुप्पट! यावरून अटकच बरी असं ठरलं, बऱ्याच ठिकाणी धोरणं बदलली, आणि मग तोच प्रयोग इतर शहरांत केला तर निकाल एकसारखे आलेच नाहीत, मिलवॉकीत तर बेकार पुरुषांना अटक केल्यावर पुढे मारहाण वाढल्याचं दिसलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. एका ठिकाणचं उत्तर दुसरीकडे चालेलच असं नाही, आपापल्या ठिकाणी मोजावं लागतं.

आणि आपल्याकडे तर बायका सांगतच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. त्यातही मदत म्हणजे बहुतेक वेळा आई, बहीण, शेजारीण. पोलीस फार नंतर.

मग सरकार काहीच ट्रॅक करत नाही का? करतं, पण काय ट्रॅक करतं ते समजून घ्या. २० सप्टेंबर २०१८ ला लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सुरू झाली, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग म्हणजे एनसीआरबी ती सांभाळतो, सुरुवातीलाच ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), छेडछाड यात दोषी ठरलेले. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. ही फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते, तुम्हाला-मला नाही. २०१९ मध्ये अजून एक सिस्टीम आली पण ती माणसांवर नाही, तपासावर लक्ष ठेवते, दोन महिन्यांत तपास पूर्ण झाला की नाही ते. २०२२ पासून बोटांच्या ठशांची देशव्यापी सिस्टीम आहे, अटक झालेल्याला दहा आकडी नंबर मिळतो, त्यामुळे नाव बदललं, राज्य बदललं तरी ठसा जुळतो. आपला तांडेल उद्या मंगळूरच्या बोटीवर गेला तर हे उपयोगी आहे, नक्कीच.

पण यादी म्हणजे पाठपुरावा नव्हे. यादी सांगते हा माणूस कोण. २०१८ मध्ये सुटलेल्या शंभर जणांपैकी २०२३ पर्यंत किती जण परत आले, किती मेले, किती गाव सोडून गेले, हे यादी आपोआप सांगत नाही, त्यासाठी एका वर्षी सुटलेल्यांचा गट धरून दरवर्षी त्यांच्या मागे जावं लागतं. आणि बायकोला मारणारा या लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत बसतच नाही. त्याहून मोठी फट म्हणजे २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा हा मुळात दिवाणी वळणाचा आहे. त्यात कोर्ट संरक्षण आदेश देतं, घरात राहायचा हक्क देतं, खर्च द्यायला लावतं, पण नवरा "दोषी" ठरत नाही, "प्रतिवादी" असतो. तो आदेश मोडला तरच कलम ३१ खाली गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्या कायद्याकडे बायका सगळ्यात जास्त आशेने येतात, तिथे वर्षानुवर्षं मारूनसुद्धा माणूस शिक्षा झालेल्यांच्या गणतीत पहिल्यांदासुद्धा येत नाही, दुसऱ्यांदाची तर बातच सोडा.

कायद्यात "दुसऱ्यांदा" म्हणजे काय यावरही घोळ आहे. मुंबईतलं शक्ती मिलचं प्रकरण आठवत असेल. ३१ जुलै २०१३ आणि २२ ऑगस्ट २०१३, एकाच ठिकाणी दोन सामूहिक बलात्कार, पहिली घटना उघडकीलाच आली ती दुसरी झाल्यावर. दोन्हींचे निकाल मार्च २०१४ मध्ये लागले, आणि दोन्हींत दोषी असलेल्या तिघांना ३७६ ई या तेव्हा नव्या असलेल्या, परत तोच गुन्हा करणाऱ्यांसाठीच्या कलमाखाली एप्रिलमध्ये फाशी सुनावली गेली. कायद्याच्या भाषेत ते पुन्हा गुन्हा करणारे. पण अभ्यासाच्या भाषेत? मधे ना अटक, ना शिक्षा, ना सुटका. शिक्षेने माणूस बदलतो का, या प्रश्नाबद्दल ही केस काहीच सांगत नाही, कारण शिक्षा मधे आलीच नाही. (२०२१ मध्ये हायकोर्टाने फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप केली. ते कलम आता न्याय संहितेत ७१ नंबरला आहे.)

एवढं सगळं मोजून उपयोग काय, असं एकाने मला विचारलं. उपयोग असा. इंग्लंडच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी नव्वदच्या दशकापासून एक उपचार कार्यक्रम चालायचा, गटात बसून बोलायचं वगैरे, सगळ्यांना वाटायचं मस्त चाललंय. २०१७ मध्ये कोर्स केलेल्या २,५६२ जणांची कोर्स न केलेल्या तशाच कैद्यांशी तुलना झाली, सरासरी आठ वर्षांचा मागोवा. न केलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी परत लैंगिक गुन्हा केला होता. केलेल्यांपैकी १०! फरक छोटा आहे, पण उलट्या बाजूला आहे. कार्यक्रम बंद केला. मोजलं नसतं तर अजून पंचवीस वर्षं प्रमाणपत्रं वाटत बसले असते. आपल्याकडे समुपदेशन केलं, समज दिली, "यापुढे असे करणार नाही" असं लिहून घेतलं, आणि प्रकरण निकाली. त्या लिहून घेतलेल्या कागदांपैकी किती खरे ठरले हे सहा महिन्यांनी फोन करून विचारलं तरी पहिली पायरी झाली. फक्त फोन त्याच्या नंबरवर करू नका हो. आणि तिच्या नंबरवर केला तरी आधी "बचत गटाच्या मीटिंगचं विचारायचं होतं" असं काहीतरी, कारण बाजूला कोण उभं आहे ते माहीत नसतं.

मागोव्यातून अजून एक कामाची गोष्ट निघाली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात पोलिसांसाठी १३ हो-नाही प्रश्नांची एक यादी बनवली, जुन्या केसेस बघून, की कुणी परत मारलं आणि त्यांच्यात काय सारखं होतं. आधीच्या नोंदी आहेत का, जिवे मारायची धमकी दिली का, कोंडून ठेवलं का, गरोदर असताना मारलं का, जामिनाच्या अटी मोडल्या होत्या का. आणि एक प्रश्न असा की बाईला मदत मिळायला अडथळे आहेत का, फोन नाही, गाडी नाही, घर एकटं पडलंय, लहान मुलं पदरात आहेत. हे वाचताना मला आपल्या डोंगरातल्या वाड्याच दिसल्या. रेंज नाही, एसटी दिवसाला दोन, दुसरी चुकली की रात्र तिथेच, त्याच घरात. तिकडे हे कागदावर जोखीम म्हणून मांडलंय, आपल्याकडे त्याला नुसतं "गाव जरा आतल्या बाजूला आहे" म्हणतात.

हे वाचून कुणीतरी म्हणणारच की मग नावं जाहीर करा ना, बंदरावर फोटो लावा. राग समजतो. पण बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो, बाप, काका, शेजारी, होणारा नवरा. चाळीस घरांच्या वाडीत बापाचा फोटो लावला की मुलगी कोण हे सांगायची गरजच उरत नाही, आणि पीडितेची ओळख उघड करणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, तो उगाच नाही. शिवाय बापाचं नाव चौकात लागणार म्हटल्यावर तक्रार द्यायला आई आधीच तयार नसते, ती अजून मागे सरेल. इंग्लंडमध्ये मधला मार्ग काढलाय, २०१४ पासून तिथे बाई स्वतः पोलिसांना विचारू शकते की माझ्या जोडीदाराचा आधी मारहाणीचा इतिहास आहे का, आणि धोका वाटला तर पोलीस फक्त तिला सांगतात. हे मला पटतं. आपल्याकडे स्थळ आलं की पत्रिका बघतात, शेतीचा सातबारा बघतात, आंब्याची कलमं किती ते विचारतात, हे विचारायची मात्र सोय नाही.

मागच्या पावसात एक बाई आली होती, तांदळाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन. त्यात एनसीच्या जुन्या प्रती होत्या, घडीवर फाटलेल्या, कोकणातल्या दमट हवेने बुरशी धरलेल्या, दोनवर तर नंबरच वाचता येईना. तिची सगळी हिस्ट्री त्या पिशवीत होती आणि दुसरीकडे कुठेच एकत्र नव्हती. म्हणून सांगते, एनसी झाली की तिथेच मोबाईलवर फोटो काढा आणि बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवून आपल्या फोनमधून उडवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याने (घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेला अधिकारी) भरलेल्या घरगुती घटना अहवालाची प्रत मागा, त्यात तारखा असतात. आदेश मोडला तर "परत भांडण झालं" अशी नवी एनसी नको, "कोर्टाचा आदेश मोडला, कलम ३१" असं लिहून घ्या, कारण त्यातून गुन्हा बनतो, एनसीतून बनत नाही. माहेरी किंवा मुंबईला बहिणीकडे तात्पुरतं राहत असाल तरी तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, आणि दापोलीच्या कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश दापोलीपुरता नसतो, देशभर लागू असतो. वाट बघायला वेळ नसेल तर ११२, आणि बायकांसाठीची हेल्पलाइन १८१.